डोंगलमागचे ड्रायव्हर : मुक्त प्रणालींवरील यूएसबी नेटवर्क अडॅप्टरचा इतिहास

लिनक्स आणि बीएसडी या मुक्त प्रणालींवर यूएसबी नेटवर्क अडॅप्टर चालू लागण्याचा इतिहास सुमारे पाव शतकाचा आहे. १९९९ च्या सुमारास इथरनेटच्या एका चिपपासून तो सुरू होतो आणि वाय-फायच्या सहाव्या पिढीपर्यंत येऊन पोहोचतो. या काळात चिप बनवणाऱ्या कंपन्या विकल्या गेल्या, मॉडेले बंद पडली, कित्येक नावे बाजारातून पुसली गेली. पण ज्या ड्रायव्हरचा कोड कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, सामायिक भांडारात दाखल झाला तो टिकला, आणि त्याच्या आधारावर ते हार्डवेअरही वापरात राहिले. जो कोड भांडाराबाहेर राहिला तो सांभाळणारा हात सुटताच मागे पडला. या दोन वाटा कशा फुटल्या आणि एकेक कंपनी कोणत्या वाटेने गेली, याचा हा वृत्तांत आहे.

ओळख पटण्यापासून कामाला लागण्यापर्यंत

यूएसबी अडॅप्टर संगणकाला लावला की तो प्रथम आपली ओळख देतो. या ओळखीत दोन क्रमांक महत्त्वाचे असतात : एक उत्पादकाचा आणि दुसरा उत्पादनाचा. कर्नलमधला प्रत्येक ड्रायव्हर आपल्याला चालणाऱ्या क्रमांकांची यादी जाहीर करतो. जोडी जुळली की तो ड्रायव्हर मेमरीत चढतो आणि उपकरणाचा ताबा घेतो. जुळली नाही तर उपकरणाला वीज मिळते, यादीत त्याचे नावही दिसते, पण नेटवर्क मिळत नाही.

ताबा मिळाल्यावर खरे काम सुरू होते. बहुतेक वाय-फाय अडॅप्टरमध्ये एक लहान प्रोसेसर असतो, पण त्याला लागणारा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, चिपमध्ये कायमचे भरलेले नसते. डोंगल लावला की दर वेळी ड्रायव्हर ते डिस्कवरून वाचतो आणि यूएसबीवाटे चिपमध्ये उतरवतो. मग रेडिओची जुळणी करणे, चॅनेल बदलणे, पॅकेट पाठवणे आणि घेणे ही कामे येतात.

पीसीआय कार्डाच्या तुलनेत ही कामे यूएसबीवर अवघड असतात. पीसीआय कार्डाचे रजिस्टर प्रोसेसरला मेमरीसारखे थेट वाचता येते. यूएसबीवर तेच रजिस्टर वाचायचे तर आधी विनंती पाठवावी लागते, उत्तराची वाट पाहावी लागते आणि तोवर ड्रायव्हरला थांबून राहावे लागते. कर्नलच्या काही भागांत असे थांबण्याची मुभाच नसते. त्यामुळे पीसीआयसाठी लिहिलेला ड्रायव्हर किरकोळ फेरफार करून यूएसबीला लावता येत नसे. पुष्कळदा त्याची रचनाच नव्याने करावी लागे.

इथरनेटची सोपी सुरुवात

यूएसबीचे पहिले मानक जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता. लिनक्समध्ये यूएसबीचा पाया १९९९ मध्ये घातला गेला. लिनस टॉरवल्ड्‌स यांनी स्वतः त्याचा सुरुवातीचा सुटसुटीत कोड लिहिला आणि इतरांनी तो वाढवला. जानेवारी २००१ मध्ये कर्नलची २.४ ही आवृत्ती आली, तेव्हा यूएसबीचा आधार तिचा नेहमीचा भाग झालेला होता.

नेटवर्क अडॅप्टरांत पहिला मान इथरनेटला मिळाला. अ‍ॅडमटेक कंपनीच्या ‘पेगासस’ चिपसाठी पेत्को मानोलोव यांनी ड्रायव्हर लिहिला. पाठोपाठ इतर चिपांचे ड्रायव्हर आले. चिप वेगळी म्हणून दर वेळी सगळा ड्रायव्हर नव्याने लिहिण्यात बराच कोड पुन्हा पुन्हा लिहिला जात होता. डेव्हिड ब्राउनेल यांच्या ‘यूएसबीनेट’ने हा प्रश्न सोडवला. पॅकेट रांगेत लावणे, यूएसबीवर पाठवणे, दुवा तुटला तर सावरणे ही सर्वांना समान असलेली कामे यूएसबीनेटने स्वतःकडे घेतली. एखाद्या चिपपुरते जे वेगळे असेल तेवढेच एका छोट्या ड्रायव्हरमध्ये लिहायचे, अशी ही विभागणी होती. एसिक्स, एसएमएससी अशा कंपन्यांच्या चिपा याच चौकटीत बसल्या. यूएसबीच्या मानकातच संपर्क उपकरणांसाठी एक सामाईक वर्ग ठरवलेला होता. तो पाळणारे अडॅप्टर, मोडेम आणि फोन यांच्यासाठी एकच ड्रायव्हर पुरू लागला.

या चौकटीचे मोल २०१२ मध्ये ठळकपणे दिसले. त्या वर्षी बाजारात आलेल्या रास्पबेरी पायच्या ‘मॉडेल बी’वर इथरनेटची खाच होती, पण आतून ती यूएसबीलाच जोडलेली होती. एसएमएससीची एलएएन९५१२ ही चिप यूएसबी हब आणि इथरनेट अडॅप्टर अशी दोन्ही कामे करी. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून होता. त्यामुळे शाळकरी मुलांसाठी बनवलेल्या त्या स्वस्त संगणकाला नेटवर्कसाठी वेगळे काही बसवावे लागले नाही. ब्राउनेल यांचे एप्रिल २०११ मध्ये निधन झाले होते. त्यांनी आखलेली चौकट त्यानंतरही नव्या चिपांना आधार देत राहिली.

इथरनेटमध्ये हे सहज जमण्याचे कारण साधे होते. तारेवरून पॅकेट पाठवणाऱ्या चिपमध्ये लपवण्यासारखे थोडेच असते. तिची माहितीपत्रके मिळत आणि रजिस्टरांची संख्याही आवाक्यातली असे. वाय-फायची गोष्ट वेगळी होती.

वाय-फायची कोंडी

८०२.११बी हे मानक १९९९ मध्ये आले आणि सेकंदाला ११ मेगाबिट वेग मिळू लागला. २००३ मध्ये ८०२.११जी आले आणि वेग ५४ मेगाबिटांवर गेला. घरोघरी वाय-फाय पोहोचू लागले आणि स्वस्त यूएसबी डोंगलांची लाट आली. सुरुवातीच्या चिपांमध्ये, उदाहरणार्थ इंटरसिलच्या ‘प्रिझम’ मालिकेत, वाय-फायचे पुष्कळसे नियम चिपच्या फर्मवेअरमध्येच पाळले जात. किंमत उतरवण्यासाठी पुढच्या चिपांनी हे काम मुख्य संगणकाच्या प्रोसेसरवर सोपवले. जाळ्यात सामील होणे, ओळख पटवणे, वेग ठरवणे हे सगळे आता ड्रायव्हरने करायचे होते. चिप जितकी स्वस्त, तितका ड्रायव्हर मोठा, असे समीकरण तयार झाले.

याच वेळी बऱ्याच कंपन्यांनी माहितीपत्रके द्यायचे बंद केले. त्यामागे अनेक कारणे होती. रेडिओची रचना हे व्यापारी गुपित मानले जाई. पेटंटच्या खटल्यांची धास्ती असे. सॉफ्टवेअर बदलून कोणी नेमून दिलेल्या वारंवारतेबाहेर किंवा जादा शक्तीने प्रसारण केले, तर नियामक संस्था आपल्याला जबाबदार धरतील, अशीही भीती होती. शिवाय डोंगल विकत घेणारे बहुसंख्य ग्राहक विंडोज वापरणारे होते. सीडीवर विंडोजचा ड्रायव्हर दिला की विक्रेत्याच्या दृष्टीने काम संपत असे.

लिनक्स वापरणाऱ्यांनी या कोंडीतून काढलेली पहिली वाट म्हणजे विंडोजचा ड्रायव्हरच उसना घेणे. विंडोजचे नेटवर्क ड्रायव्हर ‘एनडीआयएस’ नावाच्या ठरलेल्या करारानुसार लिहिलेले असतात. तो करार लिनक्सच्या कर्नलमध्ये उभा केला, तर विंडोजसाठी बनवलेली ड्रायव्हरची फाइल जशीच्या तशी चालवता येईल, ही ‘एनडीआयएसरॅपर’मागची कल्पना. पाँटस फुक्स यांनी हा प्रकल्प सुरू केला आणि पुढे गिरिधर पेम्मसानी यांनी तो वाढवून यूएसबी उपकरणांपर्यंत नेला. हजारो लोकांचे डोंगल त्यामुळे चालू झाले.

या उपायाला मर्यादाही होत्या. विंडोजची फाइल इंटेलच्या पद्धतीच्या प्रोसेसरसाठीच असे, म्हणून पॉवरपीसी किंवा एआरएमवर तिचा उपयोग नव्हता. ६४-बिट लिनक्सला ६४-बिट विंडोजचाच ड्रायव्हर लागे आणि तो पुष्कळदा मिळत नसे. विंडोजचे ड्रायव्हर कर्नलकडून जास्त मोठ्या स्टॅकची अपेक्षा करत आणि लिनक्सने दिलेल्या जागेत ते कोसळत. सर्वांत मोठी अडचण अशी, की बिघाड झाल्यावर तो शोधायला कोड हाती नव्हता. बंद कोड कर्नलमध्ये चढला की कर्नल स्वतःवर तशी खूण करून ठेवते. अशा कर्नलमधील बिघाडांच्या तक्रारी हाताळायला विकासक तयार नसत. जानेवारी २००८ मध्ये कर्नलचे विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या बदलाने यूएसबीची कर्नलमधील दारे फक्त जीपीएल परवान्याच्या ड्रायव्हरांसाठी खुली ठेवण्यात आली. यूएसबीचा ड्रायव्हर मुक्तच असावा, ही भूमिका त्याने कोडमध्ये उतरली.

ओपनबीएसडी आणि तैवानच्या कंपन्या

दुसरी वाट कंपन्यांच्या दारावर जाऊन माहिती मागण्याची होती. कॅनडातील कॅलगरी येथून ओपनबीएसडीचे नेतृत्व करणारे थिओ डी राट यांनी ती आग्रहाने धरली. गुप्ततेचा करार करून माहिती घ्यायची नाही आणि मुख्य प्रोसेसरवर चालणारा बंद ड्रायव्हर स्वीकारायचा नाही, हे त्यांचे दोन नियम होते. चिपच्या आत चालणाऱ्या फर्मवेअरबाबत त्यांची मागणी मर्यादित होती : ते निदान सगळ्यांना मुक्तपणे वाटण्याची परवानगी द्यावी. अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांकडून नकार येत राहिले. तैवानच्या रालिंकसारख्या कंपन्यांनी मात्र सहकार्याचा हात पुढे केला.

त्याचे फळ लवकर मिळाले. फ्रान्सचे डेमियन बर्गामिनी यांनी रालिंकच्या चिपांसाठी ओपनबीएसडीचे ड्रायव्हर लिहिले. मे २००५ मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीत रालिंकच्या यूएसबी चिपचा ‘यूरल’ हा ड्रायव्हर होता. पुढच्या वर्षी ‘रम’ आणि अथेरॉसच्या यूएसबी चिपसाठी ‘यूएथ’ हे ड्रायव्हर आले. हे ड्रायव्हर छोटे आणि वाचायला सोपे होते. बीएसडीच्या उदार परवान्यामुळे ते नेटबीएसडी, फ्रीबीएसडी आणि पुढे लिनक्सलाही उपयोगी पडले. यूएथचा प्रवास याचे उत्तम उदाहरण आहे. ओपनबीएसडीत सुरू झालेला हा कोड २०१३ मध्ये ‘एआर५५२३’ या नावाने लिनक्समध्ये आला आणि तो आणणारे होते एनडीआयएसरॅपरचे जनक पाँटस फुक्स. विंडोजची बंद फाइल चालवण्याची युक्ती काढणाऱ्याच माणसाने दहाएक वर्षांनी मुक्त ड्रायव्हर लिहिला, एवढी परिस्थिती बदलली होती.

झायडासचा ड्रायव्हर पुन्हा लिहिला जातो

तैवानचीच झायडास ही कंपनी झेडडी१२११ नावाची चिप बनवत असे. ८०२.११जीच्या काळात अनेक ब्रँडांच्या स्वस्त डोंगलांत हीच चिप असे. कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर जीपीएलखाली प्रसिद्ध केला, ही मोठी गोष्ट होती. पण तो कोड कर्नलच्या शिस्तीत बसणारा नव्हता. वाय-फायचे सगळे नियम त्यात कंपनीने आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिले होते. असा कोड भांडारात घेतला असता, तर प्रत्येक कंपनीची वाय-फायची वेगळी प्रत कर्नलला सांभाळावी लागली असती.

डॅनियल ड्रेक आणि उलरिख कुनिट्‌झ यांनी कंपनीचा कोड माहितीपत्रकासारखा वापरला आणि ड्रायव्हर पहिल्यापासून लिहिला. त्याच्या नावाच्या शेवटी जोडलेली ‘आरडब्ल्यू’ ही अक्षरे ‘पुनर्लेखन’ या अर्थाची आहेत. सप्टेंबर २००६ मध्ये आलेल्या २.६.१८ या कर्नलमध्ये तो दाखल झाला. त्याच वर्षी अथेरॉसने झायडास विकत घेतली. झायडास हे नाव बाजारातून गेले, पण तिचे डोंगल लिनक्सवर चालत राहिले.

या ड्रायव्हरमधला एक छोटा भाग त्या काळच्या व्यवहारावर चांगला प्रकाश टाकतो. झायडासची चिप असलेले काही डोंगल संगणकाला लावले की ते आपण नेटवर्क अडॅप्टर असल्याचे सांगतच नसत. ते सीडी ड्राइव्ह म्हणून पुढे येत. त्या खोट्या सीडीवर विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असे. विंडोजमध्ये तो बसवला गेला की तोच डोंगलला खऱ्या रूपात आणी. लिनक्सला त्या सीडीचा काही उपयोग नव्हता. म्हणून ड्रेक आणि कुनिट्‌झ यांच्या ड्रायव्हरच्या यादीत त्या खोट्या सीडीचे क्रमांकही घातले गेले. तो क्रमांक दिसला की ड्रायव्हर सीडी बाहेर काढण्याची नेहमीची आज्ञा डोंगलला पाठवतो. डोंगल क्षणभर यूएसबीवरून नाहीसा होतो आणि उत्पादक क्रमांक ०एसीई, उत्पादन क्रमांक १२११ घेऊन अडॅप्टर म्हणून परत येतो. मग तोच ड्रायव्हर त्याचा ताबा घेऊन फर्मवेअर उतरवतो. वापरणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही.

सगळ्यांसाठी एक पाया

झायडासच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट झाली होती. वाय-फायचे नियम प्रत्येक ड्रायव्हरने वेगळे लिहिणे परवडणारे नव्हते. इथरनेटसाठी यूएसबीनेटने जे केले, तेच वाय-फायसाठी मोठ्या प्रमाणावर करणे गरजेचे होते. २००६ मध्ये डिव्हाइसस्केप या कंपनीने आपला वाय-फायचा संपूर्ण कोड जीपीएलखाली दिला. यिर्झी बेंत्स, योहानेस बर्ग आणि इतरांनी त्याची डागडुजी केली. कर्नलच्या वाय-फाय विभागाची जबाबदारी तेव्हा जॉन लिनविल यांच्याकडे होती. जुलै २००७ मध्ये २.६.२२ या आवृत्तीत हा कोड ‘मॅक८०२११’ या नावाने कर्नलमध्ये आला.

आता जाळ्यात सामील होणे, ओळख पटवणे, कूटबद्ध करणे, वेग निवडणे ही कामे मॅक८०२११ करू लागले. ड्रायव्हरला फक्त चिपशी बोलायचे उरले. रालिंकच्या चिपांचा ‘आरटी२एक्स००’ हा प्रकल्प याच पायावर उभा राहिला. रालिंकने स्वतःचे ड्रायव्हर जीपीएलखाली दिले होते. स्वयंसेवकांच्या एका गटाने ते गोळा करून दुरुस्त करायला घेतले, पण एकापेक्षा जास्त प्रोसेसर असलेल्या संगणकांवर ते अडखळत. ईवो व्हॅन डोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्या रालिंक चिपांसाठी एक समान गाभा आणि प्रत्येक चिपसाठी पातळ थर अशी नवी मांडणी केली. जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ या आवृत्तीत ती आली. पीसीआय आणि यूएसबी या दोन्ही चिपा एकाच प्रकल्पात सांभाळल्या जाऊ लागल्या.

पायाही यूएसबीच्या गरजेप्रमाणे बदलत गेला. मॅक८०२११ चे काही निरोप ड्रायव्हरला अशा क्षणी येत, की तिथे थांबता येत नसे. पीसीआयला त्याची अडचण नव्हती. यूएसबी ड्रायव्हरना मात्र ते काम बाजूला ठेवून नंतर करावे लागे आणि त्यातून सूक्ष्म चुका उद्भवत. विकासकांनी एकेक निरोप थांबता येईल अशा ठिकाणी हलवला. यूएसबी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या तक्रारींमुळे सामायिक पाया सुधारला आणि त्या सुधारणेचा लाभ सगळ्या ड्रायव्हरना मिळाला.

नियामकांच्या भीतीलाही २००८ मध्ये उत्तर मिळाले. कोणत्या देशात कोणत्या वारंवारतेवर किती शक्तीने प्रसारण चालते, याची एक खुली सूची तयार झाली आणि कर्नल ती पाळू लागले. लुइस रॉड्रिगेझ यांचा या कामात मोठा वाटा होता. मुक्त ड्रायव्हर म्हणजे नियम मोडण्याची मोकळीक, हा आक्षेप यामुळे बराच निवळला.

फर्मवेअरही खुले होते

रॉड्रिगेझ २००८ मध्ये अथेरॉसमध्ये रुजू झाले आणि त्याच वर्षी कंपनीने धोरण बदलले. आतापर्यंत बाहेरच्या लोकांनी मेहनतीने ड्रायव्हर उभे करायचे, अशी रीत होती. आता कंपनीचेच अभियंते कर्नलमध्ये पॅच पाठवू लागले. एआर९१७० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर आला. त्याच्या फर्मवेअरचा सोर्स कोडही कंपनीने जीपीएलखाली दिला. त्यावर काम करून ख्रिश्चन लाम्पार्टर यांनी ‘कार्ल९१७०’ हा ड्रायव्हर आणि त्याला जोडीचे मुक्त फर्मवेअर तयार केले. जानेवारी २०११ मध्ये २.६.३७ या आवृत्तीत हा ड्रायव्हर आला. संगणकातला ड्रायव्हर आणि चिपमधला प्रोग्राम दोन्ही वाचता आणि बदलता येतील, असा यूएसबी वाय-फाय अडॅप्टर आता उपलब्ध होता.

त्याआधी ऑगस्ट २०१० मध्ये २.६.३५ या आवृत्तीत ‘एथ९के_एचटीसी’ हा ड्रायव्हर दाखल झाला होता. सुजित मनोहरन, वसंतकुमार त्यागराजन आणि सेंथिल बालसुब्रमण्यन या अथेरॉसच्या अभियंत्यांनी तो लिहिला. एआर९२७१ ही त्याची मुख्य चिप. २०१३ मध्ये तिच्या फर्मवेअरचा सोर्सही मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाला. या चिपमधला प्रोसेसर एक्सटेन्सा जातीचा असल्याने त्यासाठी वेगळा कंपायलर बांधावा लागतो. पण ती तयारी केली की कोणालाही आपल्या डोंगलचे फर्मवेअर स्वतः तयार करता येते. त्याच वर्षी ही चिप वापरणाऱ्या थिंकपेंग्विन कंपनीच्या एका अडॅप्टरला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने आपले प्रमाणपत्र दिले.

एआर९२७१ सर्वाधिक लोकांपर्यंत पोहोचली ती टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलमधून. लिनक्सवर लावताच चालणारा डोंगल म्हणून या मॉडेलचा बोलबाला झाला. पुढे याच नावाने दुसरी आवृत्ती बाजारात आली. तिच्या आत मात्र रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस ही चिप होती. पहिल्या आवृत्तीचा क्रमांक ०सीएफ३:९२७१ असा दिसे, दुसरीचा २३५७:०१०सी. खोक्यावरचे मॉडेलचे नाव एकच, पण आतली चिप, ड्रायव्हर आणि फर्मवेअर सगळे वेगळे. पहिली आवृत्ती मुक्त फर्मवेअरवर चालत होती. दुसरीला कर्नलच्या मुख्य भागात तेव्हा ड्रायव्हरच नव्हता. अडॅप्टर घेताना ब्रँडपेक्षा आतली चिप आणि आवृत्तीचा क्रमांक पाहावा, हा धडा अनेकांनी या मॉडेलवरून घेतला.

रिअलटेकची लांब वाट

रिअलटेकच्या यूएसबी चिपा स्वस्त आणि म्हणून सर्वत्र होत्या. कंपनी सोर्स कोड देत असे, पण तो सगळ्या प्रणालींसाठी एकत्र लिहिलेला, प्रचंड आकाराचा आणि मॅक८०२११ ला बाजूला ठेवून स्वतःचीच वाय-फाय यंत्रणा वापरणारा होता. कर्नलची नवी आवृत्ती आली की हा कोड तुटे आणि कोणीतरी तो सांधून द्यावा लागे.

हे सांधण्याचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्यांमध्ये लॅरी फिंगर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ते पेशाने स्फटिकशास्त्रज्ञ होते. कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत त्यांनी काम केले होते. निवृत्तीनंतर ते लिनक्सच्या वाय-फाय ड्रायव्हरांकडे वळले. आधी ब्रॉडकॉमच्या चिपा आणि नंतर रिअलटेकच्या चिपा त्यांनी हाताळल्या. क्रोआ-हार्टमन यांनी २००८ मध्ये कर्नलमध्ये ‘स्टेजिंग’ हा विभाग सुरू केला होता. दर्जाला अजून न उतरलेला कोड तिथे ठेवून सर्वांच्या नजरेखाली सुधारायचा, असा त्याचा हेतू होता. रिअलटेकचे ड्रायव्हर फिंगर यांनी या विभागात आणले. २०१३ मध्ये आलेला आरटीएल८१८८ईयूचा ड्रायव्हर त्यांपैकीच. नुकतेच लिनक्स वापरू लागलेल्यांच्या शंकांना ते अखेरपर्यंत शांतपणे उत्तरे देत राहिले. जून २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. लिनक्सवर रिअलटेकचा डोंगल वापरणाऱ्या असंख्य लोकांवर त्यांचे ऋण आहे.

स्टेजिंगमधला कोड साफ करत राहण्याऐवजी पुन्हा लिहिण्याची झायडासची वाट येस सोरेनसेन यांनी घेतली. २०१५ मध्ये त्यांचा ‘आरटीएल८एक्सएक्सएक्सयू’ हा ड्रायव्हर कर्नलमध्ये स्वीकारला गेला. रिअलटेकच्या अनेक यूएसबी चिपांसाठी तो एकच होता आणि पहिल्यापासून मॅक८०२११ वर बांधलेला होता. इतरांनी त्यात एकेक चिप जोडली. २०२३ मध्ये आरटीएल८१८८ईयूची पाळी आली आणि तिचा स्टेजिंगमधला ड्रायव्हर काढून टाकता आला.

८०२.११एसी या पुढच्या मानकाच्या चिपांना याहून जास्त वेळ लागला. या चिपांसाठी लोक वर्षानुवर्षे कर्नलबाहेरचा कोड आणून प्रत्येक कर्नलबरोबर तो नव्याने बांधत होते. रिअलटेकच्या अभियंत्यांनी ‘आरटीडब्ल्यू८८’ हा नवा ड्रायव्हर २०१९ मध्ये कर्नलमध्ये आणला, पण तो पीसीआयपुरता होता. जर्मनीतील पेन्गुट्रॉनिक्स कंपनीचे साशा हाउअर यांनी त्याला यूएसबीची जोड दिली. ती फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.२ या आवृत्तीत आली. त्यानंतर दशकभर जुन्या चिपाही या ड्रायव्हरच्या कक्षेत येत गेल्या.

मीडियाटेक आणि आजची स्थिती

रालिंक २०११ मध्ये तैवानच्याच मीडियाटेकमध्ये विलीन झाली. रालिंकच्या वारशातून पुढे आलेली एमटी७६०१ ही नखाएवढ्या डोंगलात बसणारी चिप लोकप्रिय झाली. तिच्यासाठी याकुब किचिन्स्की यांनी लिहिलेला ड्रायव्हर ऑगस्ट २०१५ मध्ये ४.२ या आवृत्तीत आला. त्याच सुमारास राउटरसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पातील फेलिक्स फिट्‌काउ हे मीडियाटेकच्या नव्या चिपांसाठी ‘एमटी७६’ हा ड्रायव्हर घडवत होते. लोरेन्झो बियांकोनी आणि स्टानिस्लाव ग्रुश्का यांनी त्यात यूएसबीच्या चिपा आणल्या. पुढे मीडियाटेकचे अभियंतेही याच ड्रायव्हरवर काम करू लागले. मे २०२२ मध्ये ५.१८ या आवृत्तीत वाय-फाय ६ ची यूएसबी चिप एमटी७९२१ चालू लागली. ही चिप असलेल्या नव्या पिढीच्या डोंगलसाठी वापरणाऱ्यांना आता बाहेरून कोड आणून बांधण्याची गरज राहिली नाही.

एक प्रश्न अजून बाकी आहे, तो फर्मवेअरचा. एआर९१७० आणि एआर९२७१ चा अपवाद सोडला, तर बहुतेक यूएसबी वाय-फाय चिपांचे फर्मवेअर बंदच आहे. फक्त ते वाटण्याची परवानगी मिळते. २००८ पासून ही फर्मवेअरे कर्नलबाहेर एका स्वतंत्र भांडारात ठेवली जातात. लिनक्सचे वितरण करणाऱ्या डेबियन प्रकल्पाने ती आपल्या स्थापना डिस्कमध्ये बरीच वर्षे घेतली नव्हती. त्यामुळे वाय-फाय डोंगलवर विसंबलेल्या माणसाला नेटवर्क मिळवण्यासाठी लागणारे फर्मवेअर आणायला आधी दुसरे नेटवर्क शोधावे लागे. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या विकासकांनी मतदान करून हे धोरण बदलले. जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर डिस्कमध्येच मिळते.

पाव शतकाच्या या अनुभवातून ड्रायव्हर टिकण्याच्या अटी स्पष्ट झाल्या आहेत. कंपनीने सोर्स देणे ही पहिली पायरी आहे, पण तेवढ्याने भागत नाही. झायडास, रालिंक आणि रिअलटेक या तिघांनीही सोर्स दिला होता, तरी तो सामायिक पायावर नव्याने लिहिला गेला तेव्हाच त्यांची उपकरणे निर्धोकपणे चालली. कोड कर्नलच्या भांडारात आला, की पायात बदल करणारा विकासक त्याबरोबर तो ड्रायव्हरही दुरुस्त करतो. मूळ लेखक दुसऱ्या कामाला लागला, कंपनी विकली गेली किंवा चिपचे उत्पादन थांबले, तरी ही दुरुस्ती चालू राहते. अथेरॉस आणि मीडियाटेकचे अभियंते स्वतः या भांडारात काम करू लागले, तेव्हा चिप बाजारात येणे आणि ती मुक्त प्रणालीवर चालणे यांतले अंतर वर्षांवरून महिन्यांवर आले. फर्मवेअरच्या बाबतीत हे अजून व्हायचे आहे. ते होऊ शकते, हे दोन चिपांनी दाखवून दिले आहे.